दळणाऱ्याला तोंड नसतं

सोजर असती तर हे मी बोललो असतो, लिहिलं नसतं. ती गेली आणि बोलायचं ते तसंच तोंडात राहिलं, म्हणून नातवाच्या जुन्या वहीत मागच्या बाजूनं लिहायला घेतलंय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललं म्हणून. तेव्हा काना-मात्रा बघू नका. माणसं बघा.

आमच्या गावात सोसायटीची पिठाची गिरणी होती आणि ती माझा बाप चालवायचा. बापाला आम्ही दादा म्हणायचो, गाव बाबूराव म्हणायचं. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली. एका अंगाला ऑइल इंजिन, दुसऱ्या अंगाला दगडांचा जोड, मधून भला लांब पट्टा. इंजिनाच्या धुराच्या नळीवर दादानं एक फुटका डबा उपडा घातला होता, त्यामुळं पुक-पुक असा आवाज शिवारभर जायचा. तो आवाज आला की बायका समजायच्या, गिरणी चालू झाली, आणि डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. आत त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. मी आणि दादा जन्मभर एकमेकांशी ओरडूनच बोललो. घरी गेल्यावरही ओरडायचो. माय म्हणायची, "बहिऱ्याच्या घरी दिल्यागत दिलं मला." हे ओरडणं ध्यानात ठेवा, पुढं त्याच्यावरच सगळं फिरलं.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. दुष्काळाचं साल होतं. कोणतं ते विचारू नका, आमच्या शिरूरच्या भागात दुष्काळाला साल लागत नाही. पण हा मोठा होता. सिंदफणेच्या पात्रात माणसं झिरे खोदून वाटीनं पाणी भरायची. बाजारात ज्वारी दिसेना, रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापली की काठानं फाटायची, गार झाली की वातड व्हायची, आणि रंग असा की ताटात वीट ठेवल्यासारखं वाटायचं. अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, उरलेलं अर्धं कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला. जे मागं राहिले त्यांची कचेरी म्हणजे आमची गिरणी.

आता इथं जरा थांबतो. आजकाल टीव्हीवर एक गडी रोज सांगतो, देश पुढच्या साली किती वाढणार, महागाई किती उतरणार. गळ्यात पट्टी, मागं आकडे पळतायत. मला त्याला सांगावं वाटतं, बाबा, तू चार दिस गिरणीत बस. माझी माय गिरणीच्या दारात बसून नुसते डबे बघायची आणि देशाची तब्येत सांगायची. बाईनं आठ दिवसांचं पायलीभर दळण आणलं म्हणजे घरात कणगी हाय. चार दिवसांचं आणलं म्हणजे कणगीचा तळ लागलाय. आणि रोज मापटंभर घेऊन यायला लागली म्हणजे रोजच्या मजुरीवर रोजचं धान्य येतंय, एक दिवस काम बंद पडलं की चूल बंद. माय मोजायची, "आज अकरा मापटी आली. सोमवारी सात हुती." झालं. एवढंच तिचं भाकीत. ते कधी चुकलं नाही.

चुकायचं ते तात्याचं. गहिनीनाथ तात्या म्हणजे आमच्या गिरणीचं वर्तमानपत्र. सोसायटीच्या नावानं रोज एक पेपर बीडहून एसटीनं यायचा, तोही एक दिवस शिळा. चेअरमननं तो हापिसासाठी लावला होता, पण हापिसाला कायम कुलूप, म्हणून तो गिरणीत पडायचा. गावात वाचता येणारे पाच-सात होते, पण वाचावा तात्यानंच. पन्नाशीचा गडी, उंच, हाडकुळा, धोतर पांढरंस्वच्छ. दुष्काळात पाणी कुठून आणायचा आणि धोतर कसं धुवायचा देवाला ठाऊक. दाराशी पोत्यांची एक थप्पी होती, तिच्यावर त्याची बैठक. दादा दगड साफ करायला किंवा इंजिन गार करायला गिरणी थांबवायचा, तेवढ्या वेळात तात्याचं वाचन. आणि वाचन तरी कसलं, दोन ओळी पेपरच्या आणि वीस ओळी स्वतःच्या.

लिंबाजी म्हणून एक होता, मेंढरं राखायचा, जिभेला धार लई. तो आधी कळ काढायचा.

"तात्या, काय म्हणतंय सरकार?"

"म्हणतंय, पुढल्या साली धान्य मायंदाळ होणार."

"मंग ह्या सालाचं काय?"

"ह्या सालाचं छापायला जागा उरली न्हाई."

तात्याचा एक सिद्धांत होता. जी बातमी हातभर लांब छापली ती खोटी. खरी बातमी कोपऱ्यात, दोन ओळींची, औषधाच्या जाहिरातीखाली. तिथं तो बोट ठेवायचा आणि भाकीत करायचा. पोळ्याला ज्वारी उतरणार म्हणला, ती चढली. लिंबाजीनं धरला, "तात्या, ज्वारी चढली की!" तर म्हणतो, "चढंल न्हाईतर काय. तिला खबर लागली मी काय म्हणलो त्याची." सरकार पडणार म्हणला, ते पडलं नाही. तर म्हणतो, "पडलंय, पर अजून त्याला कळलं न्हाई." चेअरमन गावोगाव हिंडून सहकारी साखर कारखान्याचे शेअर गोळा करत होता, ऊस कुठं तर चित्रात. कुणीतरी विचारलं, तात्या, सहकार म्हणजे नेमकं काय हो? तात्या म्हणाला, "पंगत. वाढपी आपला असला तर शेवटच्या पानावरबी वाढतो. न्हाईतर पहिल्या पानावर बसून आपुन वास घ्यायचा." त्या चेअरमनच्या पोराच्या पोरांनी पुढं तीन कारखाने बघितले, एक बंदही पाडला. मला सहकाराची त्याहून चांगली व्याख्या अजून कुणी सांगितली नाही.

पण लोक तात्याच्या राजकारणासाठी थांबत नव्हते. थांबायचे ते शेवटासाठी. पेपर संपला की तात्या त्याची घडी घालायचा, मांडीवर ठेवायचा, मिशीवरनं हात फिरवायचा आणि म्हणायचा, "आज आमच्याकडं..." मग जे सुरू व्हायचं! आज आमच्याकडं शेंगोळे होते. हुलग्याचं पीठ कसं मळलं, त्यात लसूण किती, हातावर वळताना बोटाचा ठसा कसा राहिला पाहिजे म्हणजे त्यात रस्सा धरतो. आज आमच्याकडं धपाटे होते, वर लोण्याचा गोळा, तो धपाट्यावरनं घसरत ताटाच्या काठाला गेला तर बोटानं परत वर आणायचा. आज आमच्याकडं येसराची आमटी आणि गव्हाची पोळी. येसर म्हणजे गहू, डाळ, मसाले भाजून दळलेलं जाडंभरडं पीठ, आमच्याकडं लग्नाकार्याला करतात. त्याची आमटी पोळी कुस्करून खाल्ली की माणूस पानावरच डुलतो. तात्या सांगायचा आणि गडी विडी विझवून ऐकायचे. बायकाही रांगेत डबा खाली ठेवून ऐकायच्या. लिंबाजीसारखा लिंबाजी, मिलोची भाकरी नि मीठ खाऊन आलेला, मधेच म्हणायचा, "तात्या, कोथिंबीर ऱ्हायली." तात्या म्हणायचा, "हां, कोथिंबीर." आणि घालायचा. लिंबाजी आवंढा गिळायचा.

तात्याची एकुलती एक लेक सोजर. तिची माय आदल्या सुगीत तापानं गेलती. दळण घेऊन सोजरच यायची. सावळी, कपाळावर गोंदण, चालताना डब्याला हात न लावता चालायची. मी तिच्याकडं बघायचो आणि ती माझ्याकडं बघायची नाही, असा आमचा व्यवहार होता. आमच्यात भावकी वेगळी असली तर गावातल्या गावात सोयरीक चालते, त्यामुळं बघण्यात मला काही चूक वाटत नव्हती. तिच्या डब्यात काय असायचं ते मला ठाऊक होतं. मापटंभर मिलो, त्यातही चिंचोके भाजून फोडून मिसळलेले, पीठ वाढावं म्हणून. गिरणीवाल्याला कुणाच्या घरात काय शिजतं ते सगळं ठाऊक असतं. सावकारालाही नसेल, डॉक्टरलाही नसेल.

त्या दिवशी दुपारी तात्याचं "आज आमच्याकडं" चालू होतं. शेजारच्या गावचे दोन पाहुणेही ऐकत बसलेले. दादानं इंजिन नुकतंच सुरू केलं होतं, तरी तात्या थांबला नाही, आवाज चढवून सांगत होता, लोक वाकून ऐकत होते. गव्हाची पोळी, वर तूप, तुपावर गूळ. माझ्या पोटात सकाळपासून चतकोर भाकरी. तूप म्हणला की माझ्या कपाळात तिडीक गेली. समोर रांगेत सोजर उभी. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं असेल, तर ही आता हसली पाहिजे. अठराव्या वर्षी माणसाला एवढीच अक्कल असते. मी इंजिनावरनं ओरडलो,

"तात्या, कसली गव्हाची पोळी? कालच्या तुमच्या डब्यात तर मिलो हुता, त्यातबी निम्मे चिंचोके!"

मी तोंड उघडायला आणि पट्टा उतरायला एकच गाठ पडली. पट्टा सळ्ळकन निसटून इंजिनाच्या चाकात अडकला, इंजिनानं एक उचकी दिली आणि गप झालं. त्या शांततेत माझा गिरणीवाल्याचा आवाज. पत्र्यावर आपटून परत आला. "निम्मे चिंचोके" हे शब्द पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेले असं नंतर लोक सांगायचे.

कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी पायाकडं बघितलं. मी वाट बघत होतो लिंबाजीच्या टोल्याची, तर लिंबाजी मला एवढ्या बारीक आवाजात म्हणाला, "काय केलंस बे हे?" तात्यानं पेपरची घडी पोत्यावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर वजनाचा किलो ठेवला, धोतर झटकलं आणि दादाला म्हणाला, "येतो बरं बाबूराव." सोजरनं न दळलेला डबा उचलला. जाताना तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तसं बघण्यापेक्षा नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

दादानं मला मारलं नाही. मारलं असतं तर फिटलं असतं. त्यानं पट्टा चढवला, हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू बोलला. "दळणाऱ्याला डोळे असत्यात, तोंड नसतं. गावाची झाकली मूठ आपल्या दगडात असती. आन् तुला काय वाटलं, एकट्यालाच ठाव हाय व्हय? रांगेत उभ्या बाईला दुसरीच्या डब्यातलं दिसत न्हाई? सगळ्यांला ठाव हुतं. बोललास तू."

हे मला मारापेक्षा लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं! लिंबाजीलाही, आणि तरी तो कोथिंबीर घालत होता.

दुसऱ्या दिवसापासून तात्या आला नाही. सोजरही नाही. पहाटे त्यांच्या घरातनं जात्याची घरघर यायची, चिंचोक्याचं पीठ हातानं ओढत होती ती. पेपर यायचा, घडी न मोडता पडून राहायचा, त्याच्यावर पीठ साचायचं. गुरुजींनी एकदा वाचून बघितला, शुद्ध वाचला, पण लोक उठून गेले. आणखी एक झालं. बायका डब्यावर फडकी बांधून यायला लागल्या, गाठ मारून, आणि मी डबा उघडताना तोंड फिरवून उभ्या राहायला लागल्या. काहींनी तर पुढच्या गावच्या गिरणीची वाट धरली, तीन मैल, त्या उन्हात. आम्ही पीठ दळत होतो पण गिरणी म्हणून जी काय होती ती बंद पडली होती. माय डबे मोजायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, "आता बघवत न्हाई. बघितलं की तुझ्यागत बोलून बसीन."

पंधरा-वीस दिवसांनी सोजर आली. जात्याच्या खुंट्यानं हाताला फोड आले असतील, चिंधी बांधलेली. तिनं डबा रांगेत ठेवला. आणि मी माझ्या मनानं तिची भरपाई करायचं ठरवलं. आता गिरणीतली एक गोष्ट सांगतो. दगडाच्या पोटात मागच्या दळणाचं थोडं पीठ कायम राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून गव्हाचं दळण आलं की त्याच्या मागं नंबर लावायला बायका भांडायच्या. त्या सालात गहू एकाच घरचा यायचा, चेअरमनचा. दादा तेवढ्यात तेल आणायला गेलता. मी चेअरमनचा गहू संपत आल्यावर दगड सैल सोडला, म्हणजे पीठ आत जास्त राहतं, आणि त्याच्या मागं सोजरचं दळण टाकलं. आधी पडलेलं पांढरं पीठ डब्याच्या तळाला, वर तिचं लाल. वरून काही दिसत नव्हतं. मी खूष.

तिनं डबा डोक्यावर घेतला, दोन पावलं गेली आणि थांबली. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईच्या मानेला तराजू असतो, हे मला कुठं ठाऊक.

"आज माझा डबा जड कावून हाय?"

मी इंजिनाकडं बघायला लागलो. तिनं डबा खाली ठेवला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ वर काढली. पांढरी मूठ. ती माझ्यापुढं धरली.

"हे कुणाचं हाय?"

"दगडात ऱ्हातंय तेवढं..."

"दगडात येवढं ऱ्हात न्हाई. मला शिकवतो व्हय? तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आमी चोरीचं खायाचं?"

"मंग मी काय करू ते तरी सांग!" मी ओरडलो, सवयीनं.

ती ओरडली नाही. तिनं ती मूठ चेअरमनच्या डब्यात टाकली, परत हात घातला, परत टाकली, असं सात-आठ वेळा. चांगलं पीठ लाल हातानं परत केलं. मग म्हणाली, "जेवायला ये."

"आं?"

"उद्या दुपारी. आमच्या घरी काय शिजतंय ते डब्यात बघून गावभर सांगितलंस. आता ताटात बघून सांग."

आमच्याकडं ही रीत आहे. ज्याच्या घराला नाव ठेवलं त्याच्या घरी जेवायला जायचं आणि जेवून आल्यावर चारचौघांत काय जेवलो ते सांगायचं. तिथं काय सांगतो त्यावर ठरतं की भांडण मिटलं का वाढलं. मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, जा, पर भूक घेऊन जा. माय म्हणाली, आन् अक्कलबी घेऊन जा.

तात्याच्या घरी गेलो तर तात्या ओट्यावर. "या रंगनाथराव," म्हणाला. राव म्हणला म्हणजे राग गेला नव्हता. आत दोन पाट, दोन ताटं. लाल मिलोची भाकरी, काठ फाटलेली. कांदा. आणि वाटीत आमटी, येसराची. वास आला आणि मी चकित झालो, कारण अशा सालात येसर कुणाच्या घरात असणार! तात्या एक घास घ्यायचा आणि बोलायचा. माझ्याशी नाही, ताटाशी बोलल्यासारखं. "हिच्यात सोजरीची माय खोबरं जरा जास्ती भाजायची. काळं होऊस्तोर. म्या म्हणायचो जळतंय, ती म्हणायची जळू दे, तुमी पेपर वाचा." पुन्हा एक घास. "शेंगोळ्याला तिच्या बोटाचा ठसा असायचा." पुन्हा एक घास. "धपाट्याला लोणी लावलं की ती बघत बसायची, मी कोणत्या अंगानं खातो ते."

मग मला कळलं. तात्या गिरणीत जेवणाची बढाई मारत नव्हता. तो रोज त्याच्या बायकोच्या हातचं जेवत होता, आणि एकट्यानं जेवू नये म्हणून आम्हाला पंगतीला घेत होता. मी त्या पंगतीत माती कालवली होती.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडं बघत राहिलो. सोजर चुलीपुढनं म्हणाली, "भाकरी वाईट लागती का?" मी नाही म्हणलो. "मंग खा की. बघतोस काय." मी दुसरी भाकरी मागून खाल्ली. येसराची वाटी बोटानं पुसून खाल्ली. त्या येसराचं सोजरनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, आमचं थोरलं पोरगं चालायला लागल्यावर. तिच्या मायनं जायच्या आधी दळलेलं ते येसर होतं, गाडग्याच्या तळाला मूठभर उरलेलं. मायच्या श्राद्धापुरतं न्हाईतर माझ्या लग्नापुरतं म्हणून ठेवलतं, असं म्हणाली. ते तिनं त्या दिवशी मला घातलं. मी विचारलं, मला कावून घातलंस, मी तर तुझ्या बापाची बेइज्जती केलती? तर म्हणते, "तू परत परत वाटी पुसत हुतास. मला वाटलं, ह्याला चव कळती. नुसतं तोंड सुधारावं लागंल." पुढची पन्नासएक वर्षं तिनं तेच काम केलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत माणसं जरा जास्तच जमली. खबर पसरली होती. दादानं इंजिन मुद्दाम बंद केलं. तात्याचं पोतं रिकामं, पण तो समोरच्या बोळाच्या तोंडाला, भिंतीला टेकून उभा होता, जसा काही बसचीच वाट बघतोय. सोजर रांगेत. लिंबाजी म्हणाला, "मंग रंगनाथ? काल कुठं गेलतास म्हणं जेवायला?"

"तात्याच्या घरी."

"काय हुतं?"

सगळी गिरणी माझ्या तोंडाकडं बघत होती. मला खोटं बोलता येत नाही, आजही येत नाही, तो माझा दोष आहे. गव्हाची पोळी म्हणालो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की मी दया करतोय. मिलो म्हणालो असतो तर पुन्हा तेच. मी म्हणलो, "येसराची आमटी हुती." आणि तात्यासारखं सांगायला लागलो, कारण दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. "खोबरं असं भाजलेलं, की काळं व्हायच्या आधी... न्हाई, काळं झाल्यावर. मंग त्याल तापवायचं. त्यात लसूण. लसूण लाल झाला की त्यात येसर टाकायचं, कोरडंच, आन् वरनं उकळतं पाणी..."

"गुठळ्या करतो काय बे!"

बोळातनं आवाज आला. सगळी गिरणी वळली. तात्या भिंत सोडून चालत येत होता, हात वर करून, राग अगदी खरा. "कोरडं येसर फोडणीत? कुणी सांगितलं तुला? येसर आधी गार पाण्यात कालवायचं, गार पाण्यात! मंग फोडणीत सोडायचं, हळू, एका हातानं सोडायचं, एका हातानं हालवायचं. सोजरीच्या मायनं आसं केलं असतं तर म्या काय जेवलो असतो, लापशी?" बोलत बोलत तो आत आला, पोत्यावरचं पीठ हातानं झटकलं आणि बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण बसलो. क्षणभर इकडंतिकडं बघितलं. मग लिंबाजी म्हणाला, "तात्या, कोथिंबीर?"

"कोथिंबीर वरनं. उतरवल्यावर."

दादानं पंधरा दिवसांचे पेपर त्याच्या मांडीवर ठेवले. तात्यानं सगळ्यात वरचा उघडला, पीठ उडालं, तो खोकला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला, "हं. सरकार म्हणतंय संकट टळलं. म्हणजे बाबूराव, अजून सहा महिने धरून चला." माझ्या आठवणीत त्याचं खरं ठरलेलं ते एकच भाकीत. रांगेत सोजरनं तिच्या डब्याचं फडकं सोडलं. तिच्या मागच्या बाईनंही सोडलं. मी डबे उचलले, खाली बघून उचलले, आणि दळायला लागलो.

आता थोडं राहिलं. आमच्या लग्नात तात्यानं येसर स्वतः उभं राहून दळून घेतलं, आमच्याच गिरणीत. त्यानंतर दरवर्षी सोजरनं केलं, खोबरं काळं करून. मी म्हणायचो जळतंय. ती म्हणायची जळू दे. तिचं शेवटचं येसर एका प्लास्टिकच्या बरणीत आहे, त्याला मी हात लावत नाही. पोरगं बीडला असतं, म्हणतं बाबा इकडं या, इथं पीठ पाकिटात मिळतं. मी म्हणतो येईन. जात नाही.

गिरणी आता विजेवर चालते, पुक-पुक नाही. बचत गटाच्या बायका चालवतात, अनिता म्हणून लिंबाजीची नात आहे ती दळते. पेपर कुणी वाचत नाही, मोबाईल वाचतात, पण गप्पा त्याच. कोण पडणार, सोयाबीन चढणार का उतरणार. परवा मी दळण घेऊन गेलो. एकट्या माणसाचं दळण, मापटंभर ज्वारी. पोतं नाही आता, प्लास्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर बसलो. कुणीतरी विचारलं, "बाबा, आज काय केलतं जेवायला?"

सकाळी मी टपरीवरच्या चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्ली होती. चूल दोन दिवस पेटली नव्हती. मला खोटं बोलता येत नाही असं वर लिहिलंय. पण माझ्या तोंडून निघालं, "आज आमच्याकडं येसराची आमटी." आणि मग थांबताच येईना. खोबरं काळं भाजायचं, ही म्हणते जळू दे. येसर आधी गार पाण्यात कालवायचं, न्हाईतर गुठळ्या होतात. एका हातानं सोडायचं, एका हातानं हालवायचं. मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली ठेवला. अनिता डब्यावर वाकून दळत होती, वर न बघता म्हणाली, "आन् कोथिंबीर, बाबा?"

"वरनं," मी म्हणलो. "उतरवल्यावर."

डबा घेऊन निघालो. दोन पावलं गेलो आणि थांबलो. नेलं होतं त्याहून जड लागत होता. सोजर असती तर तिथंच खाली ठेवून, कोपरापर्यंत हात घालून विचारलं असतं. मी विचारलं नाही. डबा या हातातनं त्या हातात घेतला आणि घरी आलो, आणि त्या दिवशी भाकरी केली.